मॉडेल नकाशावर बसवा, पण मोठे आकडे भूमितीत घालू नका

फोर-डी प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकामाचं वेळापत्रक थ्री-डी मॉडेलला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रक्चर, आर्किटेक्चर, एमईपी (वीज, पाणी, वातानुकूलन), जमिनीचा सरफेस, ड्रोनचा पॉइंट क्लाउड (मोजलेल्या बिंदूंचा ढग), शिवाय क्रेन आणि परांची, सगळं एकाच दृश्यात यावं लागतं. यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाने, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळा शून्य धरून काढलेला असतो. ते एकमेकांवर बसले नाहीत की पहिला हात जातो ‘मूव्ह’वर. मॉडेल डोळ्याच्या अंदाजाने ओढायचं, सरफेसवर टेकवायचं आणि पुढे जायचं. पुढचं रिव्हिजन आलं की तेच पुन्हा, आणि दर वेळी दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे.

खरं तर हे सगळं एकाच रूपांतराचं काम आहे. त्यात आकडे फक्त पाच: पूर्वेकडे किती सरकायचं, उत्तरेकडे किती, उंची किती, किती अंशांत फिरवायचं आणि स्केल किती. हे पाच आकडे एकदा ठरवायचे, एका पानावर लिहायचे आणि प्रत्येक शाखेने तेच वापरायचे. मॉडेलची भूमिती मात्र स्थानिक शून्याजवळच ठेवायची. नकाशावरचे लाखांतले मोठे आकडे मॉडेलसोबतच्या माहितीत राहतील, भूमितीत नाही.

हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांतच बघा. ग्राफिक्स कार्ड बहुतेक काम ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये करतं. त्यात आकडा धरायला २४ बिट मिळतात, म्हणजे साधारण सात अंक. इस्टिंग, म्हणजे नकाशावरचं पूर्वेकडचं अंतर, ५,०२,३१८ मीटर असेल तर लगतच्या दोन आकड्यांमधली पायरी ३१ मिलिमीटरची पडते. नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) ४१,८६,२०७ असेल तर तीच पायरी २५० मिलिमीटरची. २३० मिलिमीटरच्या भिंतीच्या दोन्ही बाजू मग कधी एकाच जागी येतात, कधी २५० मिलिमीटर लांब जातात. पडद्यावर हे कसं दिसतं, तर कॅमेरा फिरवला की कडा थरथरतात, गोल पाइप दातेरी होतात, सेक्शनची रेघ दुहेरी येते, स्नॅप पकडत नाही. एकक बदलून मिलिमीटर केल्याने काही फायदा नाही. आकडा हजारपट झाला की पायरीही हजारपट होते. आतला हिशेब ६४ बिटांत करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण साखळीतली एक फाइल किंवा एक व्ह्यूअर ३२ बिटांचा निघाला तरी नुकसान व्हायचं ते होतं, आणि नंतर जवळ ओढून ते भरून येत नाही.

पॉइंट क्लाउडच्या एलएएस फाइलने हा प्रश्न नीट सोडवलाय. प्रत्येक बिंदू ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवायचा, आणि फाइलच्या सुरुवातीला एकदाच ऑफसेट आणि स्केल लिहायचं. इमारतीच्या मॉडेलचंही तेच करायचंय.

सर्व्हेअरकडून काय मागायचं

यूटीएम म्हणजे पृथ्वी झोनमध्ये वाटून सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायची पद्धत. ‘यूटीएममध्ये आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. डेटम (माप कुठल्या संदर्भावरून घेतलं तो पाया) कुठला, झोन कुठला, उत्तर गोलार्ध की दक्षिण, हे सगळं हवं. ईपीएसजी कोड (कोऑर्डिनेट पद्धतींच्या यादीतला क्रमांक) घेतला की हे एका आकड्यात येतं: डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम) वरच्या यूटीएमला उत्तरेत ३२६ आणि पुढे झोनचे दोन अंक, दक्षिणेत ३२७ आणि झोन. उंचीचा डेटम वेगळा मागा, कारण आडव्या कोडमध्ये तो नसतो. एकक मीटर की फूट, आणि फूट असेल तर कुठला, हेही लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटरचा, तर अमेरिकी सर्व्हे फूट १२००/३९३७ मीटरचा. फरक दर दहा लाखाला दोन, म्हणजे इमारतीच्या आत दिसणारच नाही. पण कोऑर्डिनेट २० लाख फुटांच्या घरात असेल तर तोच फरक ४ फुटांचा होतो.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे सर्व्हेअरने नेमके मोजलेले बिंदू, कमीत कमी तीन हवेत. सरक आणि फिरकी ठरवायला दोन पुरतात. तिसरा फक्त पडताळणीचा. तो रूपांतर काढताना वापरायचाच नाही. तिन्ही बिंदू एकमेकांपासून लांब असावेत आणि एका रेषेत नसावेत. १० मीटरवरच्या दोन बिंदूंवरून कोन काढला आणि त्यात ५ मिलिमीटरची चूक असली, तर २०० मीटरवर ती १०० मिलिमीटर झालेली असते.

सीएसव्ही उघडल्यावर आधी कॉलमचा क्रम बघा. टोटल स्टेशनच्या (साइटवर कोन आणि अंतर मोजणाऱ्या उपकरणाच्या) फाइलमध्ये बहुधा पॉइंट नंबर, नॉर्दिंग, इस्टिंग, उंची, वर्णन असा क्रम असतो. मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरला एक्स आधी, म्हणजे इस्टिंग आधी हवं असतं. सगळे बिंदू उलटे वाचले गेले तर साइट आरशात बघितल्यासारखी पालटते. फक्त मूळ बिंदूचे दोन आकडे उलटे पडले तर मॉडेल बरोबर दिसतं, पण दुसऱ्याच मुलखात जाऊन बसतं.

एक उदाहरण पूर्ण करून

समजा ग्रिड (खांबांच्या आखणीच्या रेषा) ए आणि १ चा छेद, म्हणजे ए-१, हा मॉडेलचा स्थानिक शून्य आहे. सर्व्हेअरने त्याचे आकडे दिले: इस्टिंग ५०२३१८.६४०, नॉर्दिंग ४१८६२०७.३१५, उंची १२.४००. ग्रिड ए आणि २५ चा छेद मॉडेलमध्ये (२४०.०००, ०) वर आहे, सर्व्हेत तो ५०२५४८.६६५, ४१८६२७५.४५१.

वजाबाकी करा. पूर्वेला २३०.०२५, उत्तरेला ६८.१३६. कोन म्हणजे ६८.१३६ भागिले २३०.०२५ चा आर्कटॅन, १६.५०० अंश, पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने. आता या दोन बिंदूंमधलं अंतर काढा: २३९.९०४ मीटर. मॉडेलमध्ये ते २४०.००० आहे. ९६ मिलिमीटर गेले कुठे? मॉडेल चुकलेलं नाही, सर्व्हेही चुकलेला नाही. यूटीएमच्या मध्य रेखांशावर (झोनच्या मधोमध जाणाऱ्या) स्केल मुद्दामच ०.९९९६ ठेवलेलं असतं. त्या रेखांशाचं इस्टिंग ५,००,००० आणि आपली साइट त्याच्या अगदी जवळ, त्यामुळे जमिनीवरचे १००० मीटर प्रोजेक्शनच्या (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या पद्धतीच्या) ग्रिडवर ९९९.६ भरतात. मध्य रेखांशापासून साधारण १८० किलोमीटरवर हे स्केल १ होतं आणि पुढे वाढत जातं. साइट उंचावर असेल तर आणखी घट येते: समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर किलोमीटरमागे सुमारे ९४ मिलिमीटर.

आता तिसरा बिंदू. मॉडेलमध्ये (२४०, ६०). कोन आणि स्केल दोन्ही लावून तो ५०२५३१.६३१, ४१८६३३२.९५८ वर यायला हवा, आणि सर्व्हेअरच्या यादीतला आकडा याच्याशी काही मिलिमीटरांत जुळायला हवा. स्केल विसरलात तर फरक ९९ मिलिमीटरचा येईल. कोनाचं चिन्ह उलट पडलं असेल तर जवळजवळ १४० मीटरचा, म्हणजे तो लपून राहणार नाही. घात करतो तो ९९ मिलिमीटरवाला.

स्केलचं काय करायचं

इमारतीचं मॉडेल स्केलने लहान करू नका. ०.९९९६ ने आवळलेल्या मॉडेलमधून क्वांटिटी काढली, शॉप ड्रॉइंग काढलं, की प्रत्येक माप चुकीचं. कारखान्यातून येणारी तुळई यूटीएममध्ये बनत नाही.

साइट २००-३०० मीटरची असेल तर माझी पसंती अशी: मॉडेल खऱ्या मापात ठेवायचं, आणि जोडणीचा बिंदू कोपऱ्यातल्या ए-१ ऐवजी साइटच्या मध्यावर घ्यायचा. वरच्या उदाहरणात ९६ मिलिमीटरची चूक मग दोन्ही टोकांना ४८-४८ अशी वाटली जाते. भोवतालचे रस्ते, शेजारच्या इमारती, ट्रकचे मार्ग दाखवायला एवढं चालतं. लाइनआउटला, म्हणजे जमिनीवर आखणी करायला, मात्र चालत नाही. लाइनआउट साइटच्या स्थानिक ग्रिडवरच करायचा. त्या ग्रिडचं यूटीएमशी नातं सर्व्हेअर त्याच्या उपकरणात स्केलसकट भरतो.

रस्ता, रेल्वे, पाइपलाइन अशी लांब कामं असतील तर ही तडजोड टिकत नाही. तिथे साइटवर स्केल १ च्या आसपास राहील असं स्वतःचं प्रोजेक्शन सुरुवातीलाच ठरवून घ्यावं.

वेब नकाशांचं ईपीएसजी ३८५७ हे प्रोजेक्शन कुठल्याही परिस्थितीत मापासाठी घेऊ नका. त्यात स्केल अक्षांशाबरोबर वाढतं. २० अक्षांशावर १०० मीटर १०६.४ दिसतात, ६० अक्षांशावर थेट २००.

रेव्हिटमध्ये

रेव्हिट या मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भूमिती इंटर्नल ओरिजिनपासून (आतल्या शून्यापासून) १६ किलोमीटरच्या आत ठेवावी लागते, आणि प्रत्यक्षात ती त्याला चिकटूनच ठेवावी. कोऑर्डिनेट भरायचे दोन रस्ते आहेत. एक, मॅनेज टॅबवरच्या कोऑर्डिनेट्समधून ‘स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स ॲट पॉइंट’ निवडा, जोडणीचा बिंदू (उदाहरणात ए-१ चा छेद) क्लिक करा आणि त्याचे आकडे भरा. या खिडकीत उत्तर आधी विचारतात, पूर्व नंतर. घाईत उलटं भरलं जातं. खाली प्रोजेक्ट नॉर्थपासून (मॉडेलची वरची दिशा) ट्रू नॉर्थपर्यंतचा (इथे नकाशाच्या ग्रिडची उत्तर) कोन आहे, त्यात १६.५ भरा. ईस्ट की वेस्ट हे तर्काने ठरवत बसण्यापेक्षा एक निवडा आणि तिसऱ्या बिंदूवर स्पॉट कोऑर्डिनेट टाकून बघा.

दुसरा रस्ता: खऱ्या कोऑर्डिनेटमध्ये काढलेली ग्रिडची ड्रॉइंग फाइल सेंटर-टू-सेंटर लिंक करा, ती हलवून आणि फिरवून मॉडेलच्या ग्रिडवर बसवा, मग ‘ॲक्वायर कोऑर्डिनेट्स’. हलवायची ती लिंक, मॉडेल नाही. लिंक करण्याआधी त्या ड्रॉइंगमध्ये लांब कुठेतरी पडलेली एखादी भटकी रेघ नाही ना, हे झूम एक्स्टेंट्स करून बघा. तेवढ्या एका रेघेने लिंकचा पसारा शेकडो किलोमीटरचा होतो.

हे सगळं एकाच फाइलमध्ये करा. बाकी शाखांनी ती फाइल लिंक करून तिच्यापासूनच कोऑर्डिनेट घ्यायचे. झालं की सर्व्हे पॉइंट आणि प्रोजेक्ट बेस पॉइंट पिन करून टाका.

एक्सपोर्ट करताना नेव्हिसवर्क्ससाठी (वेगवेगळी मॉडेल एकत्र बघायचं सॉफ्टवेअर) कोऑर्डिनेट्स ‘शेअर्ड’ की ‘प्रोजेक्ट इंटर्नल’ हे विचारलं जातं, आयएफसीसाठी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी मॉडेलची फाइल) ‘कोऑर्डिनेट बेस’. काहीही निवडा, पण सगळ्यांनी एकच. एक मॉडेल शेअर्डमध्ये आणि एक इंटर्नलमध्ये आलं की ‘झूम ऑल’ केल्यावर पडदा रिकामा दिसतो. दोन्ही मॉडेल असतात तिथेच, फक्त चार हजार किलोमीटर लांब दोन ठिपके होऊन.

आयएफसीमध्ये नेमकं काय लिहिलं जातं

जुन्या आयएफसी २एक्स३ मध्ये साइटला अक्षांश-रेखांश असतात, ते अंश, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचा दशलक्षांश असे. बऱ्याच फायलींमध्ये ते सूर्याच्या सावलीसाठी निवडलेल्या शहराचेच राहून जातात. ते खरे असले तरी शेवटचा आकडा रिकामा असेल तर अचूकता सेकंदापुरतीच, आणि एक सेकंद म्हणजे अक्षांशाच्या दिशेने सुमारे ३१ मीटर.

आयएफसी ४ मध्ये मॅप कन्व्हर्जन आणि प्रोजेक्टेड सीआरएस (नकाशाची कोऑर्डिनेट पद्धत) या दोन नोंदी आल्या. पहिलीत आपलेच पाच आकडे आहेत: इस्टिंग्ज, नॉर्दिंग्ज, ऑर्थोगोनल हाइट, फिरकीचे दोन घटक, स्केल. दुसरीत ईपीएसजी कोड. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि हे आकडे डोळ्यांनी वाचा. इथे सॉफ्टवेअरच्या खिडकीवर विश्वास ठेवू नका.

फिरकी अंशांत लिहिलेली नसते. एक्स-ॲक्सिस-ॲब्सिसा म्हणजे कोनाचा कोसाइन, ०.९५८८२०. एक्स-ॲक्सिस-ऑर्डिनेट म्हणजे साइन, ०.२८४०१५. गंमत अशी की त्याच फाइलमध्ये ट्रू नॉर्थ नावाची आणखी एक दिशा असते, आणि ती आपल्या उदाहरणात (०.२८४०१५, ०.९५८८२०) येते. तेच दोन आकडे, उलट क्रमाने. कारण पहिली नोंद मॉडेलचा एक्स अक्ष नकाशावर कुठे बघतो ते सांगते, आणि दुसरी उत्तर दिशा मॉडेलमध्ये कुठे आहे ते. काही व्ह्यूअर एक वाचतात, काही दुसरी, आणि काही दोन्ही लावून मॉडेल ३३ अंश फिरवतात. फिरकी नेमकी दुप्पट दिसली तर इथेच बघा.

स्केलच्या रकान्यात दोन गोष्टी एकत्र येतात. मॉडेल मिलिमीटरमध्ये आणि नकाशा मीटरमध्ये असेल तर तिथे ०.००१ हवं, प्रोजेक्शनचं स्केलही घालायचं असेल तर ०.०००९९९६. तिथे नुसतं १ राहिलं आणि व्ह्यूअरने ते प्रामाणिकपणे वाचलं, तर २४० मीटरची इमारत २४० किलोमीटरची होते.

वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये लोड करताना

सगळ्यात आधी इमारत लोड करू नका. आधी एक छोटी कंट्रोल फाइल लोड करा, ज्यात फक्त तीन कंट्रोल पॉइंट आणि ग्रिड आहे. काही सॉफ्टवेअर पहिल्या फाइलवरून संपूर्ण प्रकल्पाचा ऑफसेट आणि एकक ठरवतात; तो मान कुठल्यातरी एमईपीच्या मॉडेलला मिळू नये. प्रत्येक शाखेला त्यांच्या मॉडेलमध्ये ए-१ आणि ए-२५ वर, शून्य लेव्हलला, टोक खाली असलेला एक मीटरचा शंकू ठेवायला सांगा. एकत्र आणल्यावर सगळ्या शंकूंची टोकं एकाच बिंदूवर यायला हवीत. एक शंकू सरक आणि उंची दाखवतो, दुसरा फिरकी आणि स्केल. शंकू वेगळ्या कॅटेगरीत ठेवा, नाहीतर क्वांटिटीत येतील.

मॉडेल चुकीच्या जागी आलं तर प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सरकवायची सोय असते. नेव्हिसवर्क्समध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘युनिट्स अँड ट्रान्सफॉर्म’. एकक चुकीचं वाचलं गेलं असेल तर ही जागा ठीक आहे. जागा दुरुस्त करायला ती वापरली की पुढच्या रिव्हिजनला फटका बसतो: डिझायनर मूळ फाइलमध्ये दुरुस्ती करून पाठवतो, इथली सरक तशीच असते, आणि मॉडेल दोनदा सरकतं. दुरुस्ती मूळ फाइलमध्येच करून घ्यावी. त्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबावं.

कामं आणि मॉडेलचे घटक जोडण्याआधी हे सगळं पक्कं हवं. घटक आणि कामाची जोडणी घटकाच्या आयडीवर असते, त्यामुळे मॉडेल नंतर हललं तरी ती टिकते. पण क्रेनचा मार्ग, ट्रकचे रस्ते, सेव्ह केलेले व्ह्यूपॉइंट, सेक्शनचे कट हे दृश्याच्या कोऑर्डिनेटमध्ये साठवलेले असतात. इमारत नव्या जागी जाते आणि क्रेन जुन्या जागी हवेत फिरत राहते. ते सगळं पुन्हा काढण्यावाचून इलाज नाही.

ड्रोनच्या सर्व्हेतून आलेल्या ओबीजे मेशसोबत (पृष्ठभागाच्या जाळीच्या फाइलसोबत) बहुधा ऑफसेटची एक छोटी टेक्स्ट फाइल येते. ती जपून ठेवा. मेशमध्ये प्रोजेक्शनची काहीच माहिती नसते, त्या तीन आकड्यांशिवाय तो मेश कुठला हे सांगता येत नाही. शक्य असेल तर मेशला इमारतीचाच ऑफसेट देऊन एक्सपोर्ट करून मागा.

उंची, आणि पृथ्वीगोलावर ठेवलेलं मॉडेल

जीएनएसएस उपकरण (जीपीएससारखं, उपग्रहांवर चालणारं) मुळात एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची उंची देतं. बांधकामाच्या लेव्हल समुद्रसपाटीपासूनच्या असतात. दोघांतला फरक म्हणजे जिऑइडची (समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाची) एलिप्सॉइडपासूनची उंची, आणि ती जगभरात साधारण उणे १०६ पासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलते. पृथ्वीगोलावर दृश्य दाखवणारी सॉफ्टवेअर बहुतेक करून एलिप्सॉइडची उंची मागतात. साइटवर जिऑइड उणे ४० असेल तर १२.४०० लेव्हलचं मॉडेल तिथे उणे २७.६०० वर ठेवायला हवं. १२.४०० च ठेवलं तर इमारत जमिनीपासून ४० मीटर अधांतरी दिसते. सरफेस हलवून हे झाकू नका. सरफेस बहुधा बरोबर असतो.

गोलावर ठेवलेलं मॉडेल सपाटच राहतं, पृथ्वी वळते. १०० मीटरवर हा फरक ०.८ मिलिमीटर, एका किलोमीटरवर ७८ मिलिमीटर, पाच किलोमीटरवर जवळपास दोन मीटर. इमारतीला काही फरक पडत नाही. मेट्रोची मार्गिका एकाच तुकड्यात ठेवली तर टोकं जमिनीच्या वर उचललेली दिसतात. तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतःचा जोडणी बिंदू द्यावा.

चुकीच्या मापावरून कारण

नकाशावर काही बसत नसेल तर आधी किती आणि कुठल्या दिशेने चुकलंय ते मोजा. कारण बहुतेक वेळा त्या आकड्यातच असतं. त्याच अक्षांशावर शेकडो किलोमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला गेलं तर झोन चुकला. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, शून्य अक्षांश-रेखांशावर पडलं तर कोऑर्डिनेट वाचलेच गेले नाहीत. काही दहा ते काही शंभर मीटर सरकलं, आकार आणि दिशा मात्र ठीक, तर डेटम वेगळा आहे. एक-दोन मीटरचा फरक असेल तर दोन डेटमची संदर्भवर्षं जुळत नसतील. भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात आणि सगळे डेटम त्यांच्यासोबत सरकत नाहीत.

अंशाच्या आसपास फिरलेलं दिसलं तर ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यांची गल्लत आहे. मध्य रेखांशापासून जितके अंश लांब, त्याला अक्षांशाच्या साइनने गुणलं की हा कोन मिळतो. दोन अंश लांब आणि २० अक्षांशावर तो ०.६८ अंश, म्हणजे २०० मीटरवर सुमारे २.४ मीटर. रेव्हिटच्या ट्रू नॉर्थच्या रकान्यात सर्व्हेच्या ग्रिडवरून काढलेला कोनच भरायचा. त्यात ही दुरुस्ती वेगळी मिळवायची नाही. फिरलेलं दिसलं तर तीच दुरुस्ती दोनदा लागून गेलेली असण्याची शक्यता जास्त.

रूपांतराच्या त्या पानावर ईपीएसजी कोड, उंचीचा डेटम, जिऑइड मॉडेलचं नाव, पाच आकडे, तिन्ही बिंदूंचे दोन्हीकडचे कोऑर्डिनेट आणि तिसऱ्या बिंदूवरचा फरक मिलिमीटरमध्ये, एवढं असावं. तारीख आणि आवृत्ती क्रमांक घालून ते मॉडेलच्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि रिव्हिजन आली की कामं अपडेट करण्याआधी शंकूंवर एकदा माप टाका.